पाच फुटी टँकमध्ये थव्याने राहणारे मासे कसे निवडावेत

तुमचा टँक पाच फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच आहे. फिल्टर सुरू होऊन सहा आठवडे झालेत, अमोनिया आणि नायट्राइट ही माशांना विषारी द्रव्यं शून्यावर आलीत, आणि तुम्ही यादी केली आहे: ६ निऑन टेट्रा, ६ रमीनोज टेट्रा, ६ टायगर बार्ब, ६ डेनिसन बार्ब, ६ बोसमनी रेनबो, ६ कोरी (तळाशी राहणारे छोटे मासे), ४ एंजल आणि ४ बाला शार्क. एकूण ४४ मासे. हे सगळे गुण्यागोविंदाने नांदतील का आणि यात आणखी एखादी जात बसेल का, असं तुम्ही विचारलं आहे.

नांदणार नाहीत. एंजल मोठे झाले की निऑन गिळतील, टायगर बार्ब एंजलचे लांब पर कुरतडतील, आणि बाला शार्कना हा टँक लवकरच अपुरा पडेल. पण हे तीन गोंधळ निस्तरले तरी मूळ अडचण तशीच राहते, आणि ती आहे त्या 'सहा-सहा'मध्ये.

थव्याने राहणाऱ्या माशांबद्दल 'किमान सहा' हे सगळीकडे सांगितलं जातं. दोन फुटी टँक असणाऱ्याला कुठलातरी आकडा द्यायचा म्हणून तो ठीक आहे. सहा मासे जगतात, खातात. पण सहा म्हणजे थवा नव्हे. तुमच्याकडे काठोकाठ भरला तर सुमारे ५६० लिटरचा टँक आहे. वाळू, लाकूड आणि वरची मोकळी जागा सोडली तरी साधारण ४८० लिटर पाणी राहील. एवढ्या पाण्यात सहा रमीनोज सोडले की ते एका कोपऱ्यात, लाकडाच्या आडोशाला उभे राहतात. दिवसचे दिवस तिथेच. माणसाला वाटतं, टँकमध्ये इतके मासे आहेत, त्यांना सोबत आहे. पण रमीनोजच्या लेखी रेनबो ही सोबत नाही. त्याला मोजायचे असतात ते फक्त रमीनोज.

थवा का करतात हे समजलं की निवड बरीच सोपी होते, म्हणून त्यावर थोडं लिहितो. छोट्या माशाकडे ना काटे, ना विष, ना लपायला कवच. त्याचं संरक्षण म्हणजे गर्दी. शिकाऱ्याला एका माशावर नजर ठरवायची असते. चाळीस सारखे दिसणारे मासे एकदम वळले की ती नजर ठरत नाही. आता या गर्दीत एकच वेगळा दिसणारा मासा असेल तर शिकारी नेमका त्यालाच धरतो. म्हणूनच मासे आपल्यासारख्याच दिसणाऱ्यांत जाऊन मिसळतात. वळण्याचा हा मेळ ते डोळ्यांनी साधतातच, शिवाय अंगावरच्या पार्श्वरेषेने शेजाऱ्याने ढकललेलं पाणीही त्यांना कळतं. १९७६ साली सेथ नावाच्या समुद्री माशांचे डोळे तात्पुरते झाकून एक प्रयोग केला होता. डोळे झाकलेले मासेसुद्धा इतरांबरोबर थव्यात पोहू शकले.

दुसरी गोष्ट त्याहून जास्त उपयोगाची. मधमाशांच्या नाचाचा अर्थ लावणारे कार्ल फॉन फ्रिश यांच्या १९३८ मध्ये लक्षात आलं की एका छोट्या माशाची कातडी फाटली की त्यातून पाण्यात काहीतरी उतरतं आणि त्याचे सगळे सोबती घाबरून पळतात. टेट्रा, बार्ब, डॅनिओ, कोरी ह्या सगळ्यांच्या गोतावळ्यात हा धोक्याचा इशारा आहे. म्हणजे एका टेट्राला कुणी चावलं तर भीती त्या एकट्याची राहत नाही, सगळ्या थव्याची होते. 'थोडंफार चावाचावी चालते' असं कुणी म्हटलं की मला हेच आठवतं. जाळीने ओढाताण करून मासे पकडू नका, जाळीने हळूच प्लास्टिकच्या डब्याकडे वळवा आणि डब्याने उचला, असं मी आग्रहाने सांगतो तेही याचसाठी.

मी स्वतः पूर्वी चार फुटी टँकमध्ये तुमच्यासारखीच यादी केली होती. पाच जाती, प्रत्येकी सहा. वर्षभर तो टँक माझ्यासमोर होता आणि मला वाटायचं पाण्यातच काहीतरी बिघडलंय. रमीनोजचं तोंड लालभडक असायला हवं, ते फिकट गुलाबी, तेही फक्त संध्याकाळी. मोजमाप केलं की सगळं ठीक यायचं. शेवटी बाकीच्या तीन जाती एका मित्राच्या टँकमध्ये गेल्या, कोरी ठेवल्या आणि रमीनोज सहावरून तीसवर नेले. चौथ्या दिवशी पाणी बदलताना नळीतून थोडं गार पाणी आत येत होतं. सगळेच्या सगळे त्या धारेकडे तोंड करून उभे राहिले, मग एकाच क्षणी वळले आणि तीस शेपट्यांवरचे काळे-पांढरे पट्टे एकदम लखलखले. टँकच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ते गेले, पुन्हा वळले, परत आले. तोंडं लालभडक. पाणी तेच होतं, फिल्टरही तोच.

म्हणून माझं सांगणं असं: आठ जातींचा विचार सोडा. तुमच्या टँकचा एक मुख्य थवा ठरवा, तो भरपूर मोठा ठेवा, आणि बाकी सगळं त्याच्या सोयीने निवडा. हा मुख्य थवा कुठला, हे ठरवणार तुमचं पाणी.

पाण्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही, आणि मी सगळ्यात आधी तेच विचारतो. पीएच (पाणी किती आम्ल), कडकपणा म्हणजे जीएच (एकूण कडकपणा) आणि केएच (कार्बोनेटचा कडकपणा), आणि वर्षातल्या सगळ्यात गरम व सगळ्यात थंड दिवसात टँकच्या पाण्याचं तापमान किती असतं, एवढं मोजा. मऊ पाणी कडक करणं सोपं आहे, कडक पाणी मऊ करत राहणं म्हणजे दर आठवड्याचा खटाटोप. ४८० लिटरच्या टँकमध्ये आरओचं पाणी मिसळत बसण्यापेक्षा आहे त्या पाण्यात आनंदाने राहणारे मासे आणावेत, हे माझं ठाम मत आहे. टँकमध्ये वाढवलेले मासे पीएचच्या बाबतीत बरंच सांभाळून घेतात, तरी रमीनोजला खूप कडक पाण्यात आणि रेनबोला फार मऊ, आम्ल पाण्यात ठेवू नये.

तापमानाकडे लोक त्याहून कमी लक्ष देतात. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसात. डेनिसन बार्ब हा वाहत्या, गार नद्यांतला मासा. त्याला २२ ते २५ अंश आणि जोरात वाहणारं पाणी हवं. एंजल आणि कार्डिनल टेट्राला २६-२८ अंश मानवतात. डेनिसनला ह्यांच्यासोबत ठेवून २५ वर तडजोड करता येते, पण कायम तडजोडीत राहिलेला मासा कधी पूर्ण रंगात येत नाही.

आता तुमच्या यादीतल्या माशांकडे वळतो.

निऑन आणि एंजल. जेमतेम तीन सेंटिमीटरचा, सडपातळ निऑन हा पूर्ण वाढलेल्या एंजलला तोंडात सहज मावतो. 'माझ्याकडे दोन वर्षं एकत्र होते' असं सांगणारे भेटतात. एंजल लहान असताना आणले आणि टेट्रा तेव्हाच मोठे असतील तर कधीकधी निभतं. तरी रोज संध्याकाळी मासे मोजायची पाळी येते. एंजल हवेच असतील तर निऑनऐवजी चार-पाच सेंटिमीटरचे रमीनोज घ्या, आणि तेही आधी टँकमध्ये पुरेसे वाढू द्या.

टायगर बार्ब हा वाईट मासा नाही, त्याला बदनाम केलंय लहान संख्येने. पाच-सहा ठेवले की त्यांच्यातला वरचढ कोण हे ठरवायचं भांडण लवकर संपतं आणि मग ते दुसऱ्यांच्या परांकडे वळतात. पंधरा-वीस ठेवले तर दिवसभर आपापसातच खेळत, पाठलाग करत राहतात. पण तेव्हासुद्धा एंजल, गोरामी, काँगो टेट्रा असे लांब पर असलेले, संथ मासे त्या टँकमध्ये नकोत. सर्पे टेट्राचंही तेच. टायगर बार्ब मनापासून आवडत असतील तर त्यांनाच मुख्य थवा करा. वीस टायगर बार्ब आणि खाली सहा योयो लोच, एवढा टँकही बघत राहावा असा होतो.

बाला शार्क विकताना पाच सेंटिमीटरचा असतो आणि पूर्ण वाढला की तीस-पस्तीस सेंटिमीटरचा. शिवाय तोही थव्याने राहणारा आणि घाबरट. पाच फुटी टँकमध्ये तीस सेंटिमीटरचे चार मासे दचकून पळाले तर काचेवर आदळतात. टिनफॉइल बार्बची तीच कथा. आणि टँकसाठी विकला जाणारा पंगॅशियस तर मीटरभराच्या वर वाढतो. क्लाउन लोच सावकाश वाढतो, वीस वर्षं जगतो आणि वीस-पंचवीस सेंटिमीटरचा होतो. त्यालाही आयुष्यभरासाठी हा टँक थोडका. सिल्व्हर डॉलर आकाराने बसेल, पण वनस्पती एका आठवड्यात फस्त करेल.

डेनिसनबद्दल मला विशेष आस्था आहे. पश्चिम घाटातल्या नद्यांचा हा मासा, आणि २०१३ साली शास्त्रज्ञांनी त्याच्या प्रजातीला (जीनसला) नावच 'सह्याद्रिया' दिलं. टँकसाठी झालेल्या बेसुमार पकडीमुळे निसर्गात तो संकटात आहे. घ्यायचा तर प्रजनन करून वाढवलेलाच आहे ना, हे विचारून घ्या. दहा-बारा सेंटिमीटरचा, सतत पोहणारा मासा. सहा नकोत, दहा-बारा हवेत, आणि टँकची पूर्ण लांबी त्यांच्यासाठी मोकळी हवी.

आता पाण्याप्रमाणे काय निवडावं ते सांगतो. पाणी मऊ ते मध्यम आणि तापमान २६ च्या आसपास असेल तर मी डोळे झाकून चाळीस रमीनोज घेईन. खाली बारा स्टर्बाय कोरी, कारण ह्या कोरीला उबदार पाणी चालतं. आणि मध्यभागी पाच लहान एंजल. हे पाच पुढे जोड्या जमवतील आणि अंडी घालायच्या वेळी एखादी जोडी टँकचा एक कोपरा अडवून बसेल. तेव्हा ती जोडी हलवायची किंवा उरलेले हलवायचे ही तयारी आधीच ठेवा. एंजल जवळून फिरत असले की रमीनोज जास्त घट्ट थव्यात पोहतात, आणि थवा निवांत दिसला की एंजलही धीट होतात. कार्डिनलही चालतील, पण एंजल नसतील तरच.

पाणी कडक, पीएच साडेसातच्या पुढे असेल तर रेनबो. न्यू गिनी बेटाच्या पश्चिम भागातल्या अयामारू तळ्यांच्या परिसरातला हा बोसमनी, पुढचं अर्धं अंग निळसर, मागचं नारिंगी. चौदा घ्या, त्यांत सहा नर आणि आठ माद्या. लहानपणी ते अगदी राखाडी दिसतात, म्हणून लोक न घेता पुढे जातात; तुम्ही घ्या आणि वर्षभर थांबा. रोज सकाळी दिवा लागल्यावर पहिला अर्धा तास नर एकमेकांशेजारी पर ताणून उभे राहतात, आणि कपाळापासून पाठीवर एक फिकट पट्टा उमटतो, विझतो, पुन्हा उमटतो. माद्या नसतील तर हा खेळ अर्धवट राहतो, आणि दुसरे नर नसतील तर रंगच चढत नाहीत. त्यांच्यासोबत पंधरा-वीस ठेंगणे निऑन रेनबो आणि तळाला योयो लोच. एकच सांगायचं: रेनबोच्या वेगवेगळ्या जातींचा आपसात संकर होतो, तेव्हा त्या टँकमधली पिल्लं वाढवून कुणाला शुद्ध जात म्हणून देऊ नका.

पाणी बहुतेक वर्ष २५ अंशांखाली राहत असेल तर दहा-बारा डेनिसन, वीस झेब्रा डॅनिओ आणि तळाला गार पाण्यातल्या पेपर्ड कोरी. इथे फिल्टर जोरदार हवा, तासाला टँकच्या सहा-सातपट पाणी फिरवणारा. झाकण घट्ट. डेनिसन उडी मारतो आणि ती उडी बहुधा रात्री असते.

तिन्ही ठिकाणी मी तळ आणि मधला थर वेगळा ठेवलाय. सगळे मासे मधल्या थरातले असले की टँक वर आणि खाली रिकामा आणि मध्ये चेंगरलेला दिसतो. कोरीसाठी बारीक वाळू टाका. टोकदार खडीवर आणि साचलेल्या घाणीत त्यांच्या मिशा झिजतात. मधूनच एखादी कोरी सरळ वर जाऊन पाण्याबाहेरची हवा घेऊन येते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही; ती आतड्यातून श्वास घेते. सगळ्याच वारंवार वर जायला लागल्या तर मात्र लगेच पाणी तपासा.

एक अपेक्षाभंग आधीच टाळतो. बहुतेक टेट्रा निवांत झाले की पांगतात. घट्ट गोळा होणं हे भीतीचं लक्षण असतं. पहिल्या आठवड्यात कार्डिनलचा सुंदर, दाट थवा दिसतो आणि महिन्याभराने ते टँकभर विखुरलेले दिसले की लोक विचारतात, काय बिघडलं? काहीच नाही, त्यांना तिथे घर वाटायला लागलं. कायम थव्यातच फिरणारा मासा बघायचा असेल तर रमीनोजसारखा दुसरा नाही. आणि त्याच्या तोंडाचा लाल रंग म्हणजे तुमचं रोजचं परीक्षण: सकाळी दिवा लागताच तो फिका असणं साहजिक आहे, पण दुपारीही फिका असेल तर पाण्यात काहीतरी बदललंय.

आणायचा क्रम. रमीनोज नव्या टँकमध्ये नाजूक असतात, म्हणून आधी कोरी. टँकमध्ये तीन महिने गेले, वनस्पती धरल्या, की रमीनोज वीस-वीस करून दोनदा, मध्ये महिन्याचं अंतर ठेवून. एंजल सगळ्यात शेवटी आणि लहान. प्रत्येक खेप वेगळ्या टँकमध्ये चार आठवडे ठेवून मगच मुख्य टँकमध्ये. चाळीस माशांच्या टँकमध्ये पांढऱ्या ठिपक्यांचा रोग शिरला तर एकेकाला उपचार करणं अशक्य असतं, सगळ्या ४८० लिटरला औषध द्यावं लागतं, आणि कोरी-लोचांना त्यातली काही औषधं सोसत नाहीत.

खरेदीच्या वेळी एका माशाकडे बघू नका, टाकीभर माशांकडे दहा मिनिटं बघा. एखादा वेगळा, कोपऱ्यात, पर मिटून उभा असेल, पोट आत गेलेलं असेल, कल्ले भराभर हलत असतील तर त्या टाकीतला एकही मासा नको. थोडं खाद्य टाकायला सांगा आणि सगळे झेपावतात का ते पाहा.

वनस्पती मागे आणि दोन्ही बाजूंना दाट, पुढची पट्टी लांबीभर मोकळी. तळ गडद असेल तर टेट्रांचे रंग खुलतात आणि ते कमी दचकतात. दिवा एकदम लावू नका, आधी खोलीतला दिवा, पाच-दहा मिनिटांनी टँकचा. खाद्य दोन टोकांना टाका, नाहीतर रेनबो आणि डॅनिओ एका जागी सगळं फस्त करतात. कोरींसाठी बुडणाऱ्या गोळ्या दिवे मालवल्यावर.

'अजून किती बसतील' याचं उत्तर सेंटिमीटर आणि लिटरच्या हिशोबात नाही. दहा सेंटिमीटरच्या एका डेनिसनचं वजन तीन सेंटिमीटरच्या निऑनच्या कित्येक पट असतं. तुमचा खरा आकडा नायट्रेट, म्हणजे माशांच्या घाणीपासून शेवटी पाण्यात साचत जाणारं द्रव्य, सांगेल. आठवड्याला ३० ते ४० टक्के पाणी बदलत असाल आणि बदलण्याच्या आदल्या दिवशी नायट्रेट ४० पीपीएमच्या (लिटरमागे मिलिग्रॅम) पुढे जात असेल तर टँक भरला, मग डोळ्यांना तो कितीही मोकळा दिसो. वीसच्या आत राहत असेल तर मुख्य थव्यातच भर घाला, नवी जात नको.

पीएच, जीएच, केएच आणि तापमान मोजून कळवा. पेपर्ड कोरी घ्यायच्या की स्टर्बाय हे तापमानावर ठरेल, म्हणून तोवर कोरीही आणू नका. वेगळा क्वारंटाइन टँक आणि त्याचा स्पंज फिल्टर मात्र आजच तयार करायला घ्या. तो स्पंज आत्ता मुख्य फिल्टरच्या डब्यात टाकून ठेवलात तर तीन-चार आठवड्यांत त्यावर पुरेसे जिवाणू बसलेले असतील.